घमेल्यात उकळलेला शर्ट

केळीचा चीक ताजा असताना पाण्यासारखा असतो. कपड्यावर पडला तर कळतही नाही. ओलं लागलं, वाळून जाईल, एवढंच वाटतं. दुपारपर्यंत तिथे फिकट तपकिरी ठिपका उमटतो आणि कपडा धुतला की तो काळसर होऊन कायमचा बसतो. आमच्या तापीकाठी हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मात्र माहीत असून उपयोग काहीच नसतो. कटाई आली की चीक येतो आणि चीक आला की डाग.

एका शनिवारी सकाळी शाळेत जाताना माझी रिक्षा बुऱ्हाणपूरच्या स्टेशनाच्या रस्त्यावर केळीच्या एका गाडीमागे अडकली. हिरवे घड रचलेले, वर केळीचीच पानं झाकलेली, मागच्या फळीतून थेंब गळताहेत. नुकत्याच कापलेल्या दांड्याचा तो तुरट, ओला वास नाकात शिरला. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "मॅडम, पल्लू अंदर ले लो. लग गया तो जाएगा नहीं."

मी पदर आत घेतला. श्रावण सरत आला होता. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता, नुसती घामट उमस. अशा हवेत मला हल्ली सकाळपासूनच दमल्यासारखं होतं. तक्रार म्हणून नाही सांगत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आज मला लोक रस्त्यात थांबून नमस्कार करतात, दर महिन्याला पगार मिळतो, डोक्यावर पंखा फिरतो. त्याची जाणीव मला रोज असते. तरी दमायला होतं. जे शिकवायचं ते वर्षानुवर्षं शिकवून झालं आणि वर्गात तेच चाललंय असं दिसलं की जे दमणं येतं, त्याला रविवार पुरत नाही.

आमच्याकडे शनिवारी शेवटच्या तासांना बालसभा असते. मुलं गाणी म्हणतात, विनोद सांगतात, कुणीतरी नाच करतं. या महिन्यात बड्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, विषयच ठरवून दिले: दया, दादागिरी आणि मैत्री. प्रत्येकाने एक गोष्ट आणायची. मुलं आईच्या मोबाईलमधून गोष्टी शोधून पाठ करून आली. सगळ्या गोष्टींत जनावरं. हत्तीला सोंडेवरून चिडवतात, मग जंगलात पूर येतो, हत्ती सगळ्यांना पाठीवर घेऊन वाचवतो आणि सगळे माफी मागतात. कासवाला चिडवतात, मग कासवच कुणाला तरी विहिरीतून काढतं. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि मनात येत होतं, ज्या हत्तीच्या जंगलात पूरच आला नाही, त्याने काय करायचं?

मग गुंजन उठली. चुणचुणीत मुलगी, सहावीत सगळ्यांत पुढे असते. हात मागे बांधून, मान हलवत तिने सुरुवात केली.

"एक मुलगी होती. तिच्या फ्रॉकवर खूप दाग होते. सगळे तिला चिढवत होते. ती रोज रडायची. मग एक दिवशी परी आली. परीने छडी फिरवली आणि फ्रॉक एकदम चकाचक! मग सगळ्यांनी तिच्याशी दोस्ती केली. या कहानीतून आपल्याला सीख मिळते, की कुणाला चिढवू नये."

टाळ्या पडल्या. आणि टाळ्या वाजवता वाजवताच सगळा वर्ग मागे वळला. खिडकीजवळच्या बाकावर वैष्णवी बसली होती. तिचे आई-बाप नदीपलीकडच्या त्यांच्याच गावात केळीच्या कटाईला जातात. शाळेआधी आणि सुटीच्या दिवशी तीही जाते. तिच्या शर्टाच्या खांद्यावर, पाठीवर, बाहीवर डाग आहेत. मागून एक मुलगा ओरडला, "ओ परी! इधर भी आ जा, एक केस आहे!"

हशा पिकला. मी उठले, त्या मुलाला उभं केलं, बोलायचं ते बोलले. वैष्णवीने वेणी पाठीवरून पुढे घेतली आणि खांद्यावरच्या डागावर ठेवली. गुंजन गोंधळून माझ्याकडे बघत होती. तिला खरंच वाटत होतं की आपण चांगली गोष्ट सांगितली.

सोमवारी वैष्णवी आली नाही. मंगळवारीही नाही. सगळा आठवडा खिडकीजवळची जागा रिकामी राहिली.

मी तिच्याएवढी होते, तेव्हा आम्ही चांदनीजवळच्या एका खेड्यात राहायचो. आबांनी केळीची बाग बटाईने केली होती. सहावीपासून मी पॅसेंजरने बुऱ्हाणपूरच्या शाळेत यायला लागले. कटाईच्या दिवसांत व्यापाऱ्याची माणसं उजाडताच बागेत उतरायची. एकजण कोयत्याने दांडा तोडायचा, दुसरा डोक्यावर चुंबळ ठेवून खाली उभा असायचा आणि घड अलगद झेलायचा. घड जमिनीवर टेकला की केळ्याला डाग पडतो, म्हणून खाली पानं अंथरायची. ते काम माझं. केळ्याला डाग पडू नये म्हणून एवढी काळजी, आणि झेलणाऱ्याच्या, अंथरणाऱ्याच्या अंगावर काय पडतं ते कुणाच्या गावीही नसायचं.

माय म्हणायची, "जुने कपडे घाल वं पोरी." पण बागेतून घरी, घरातून स्टेशनावर, एवढा वेळ नसायचा. मी शाळेचा पांढरा शर्ट घालूनच बागेत जायची आणि बांधावरून तशीच स्टेशनाकडे पळायची. गाडीत बसताना शर्ट पांढराशुभ्र असायचा, नुसता ओलसर. डाग शाळेत उमटायचे. दुसऱ्या तासाला काही नाही. मधल्या सुटीत पिवळट. शेवटच्या तासाला तपकिरी. सगळ्यांसमोर, हळूहळू, आपल्याच पाठीवर काहीतरी उगवतंय आणि आपल्याला दिसत नाही, ही भावना मला अजून स्वप्नात येते.

वर्गात मला 'चिकाळी' म्हणायचे. संजय नावाचा मुलगा होता, त्याने खेळच काढला होता. माझ्या बाकावर येऊन बसायचं आणि मग चिकटल्याचं नाटक करत ओरडायचं, "अरे ओढा रे मला! गेलो, गेलो!" दोघं-तिघं त्याला ओढायचे, तो सुटायचा आणि सगळे धाडकन मागे पडायचे. पोट धरून हसायचे. कधीकधी मीही हसायचे. हसलं नाही तर खेळ जास्त वेळ चालतो, हे मला कळलं होतं.

त्या हंगामात मी शाळा सोडणार होते. मायला सांगूनही टाकलं होतं, "मले नाही जायचं आता." माय चूल फुंकत होती. म्हणाली, "कटाई होऊ दे, मंग पाहू." आमच्याकडे सगळे निर्णय असेच कटाईनंतरवर ढकलले जायचे.

माझ्या शेजारी बसायची कल्पना. तिचं घर इतवाऱ्याच्या मागच्या गल्लीत. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत माणसं. दिवसभर खटाखट खटाखट. तिच्या केसांत, भुवयांवर, कानाच्या पाळीवर कापसाचा बारीक भुगा असायचा, म्हणून तिला 'म्हातारी' नाव पडलं होतं. तिला त्याचं काही वाटत नसे. तिची खोड एकच होती, तिला कुजबुजता यायचं नाही. मागाच्या घरात सगळे ओरडूनच बोलतात, त्यामुळे तिचं गुपितही चौथ्या बाकापर्यंत जायचं. परीक्षेत तिने मला "अगं, दुसऱ्याचं उत्तर काय?" असं विचारलं की सर हसून म्हणायचे, "सगळ्यांनी ऐकलं. आता उत्तर पण सगळ्यांना सांग."

एका शनिवारी शाळा सुटल्यावर ती म्हणाली, "दे तुझा शर्ट."

"कायले?"

"डाग काढते. आमच्याकडे कपड्यावर मागाचं तेल उडतं. काळं, घट्ट तेल. ते निघतं तर तुझा हा चीक काय निघणार नाही?"

"नाही निघत चीक."

"तुमच्याकडे निघत नसंल. तुम्हाला काढता येत नाही. दे."

"आत्ता?"

"मग काय, आधी ओवाळू तुले?"

ती मला घरी घेऊन गेली. तिच्या आईने मागावरची नजर न काढता ओरडून विचारलं, "कोण वं ही?" कल्पना ओरडली, "चांदनीकडची! डागवाली!" आईने मान हलवली, जणू ओळख पूर्ण झाली. मी तिचा दुसरा शर्ट घालून पॅसेंजर पकडली. तो खांद्यावर थोडा सैल होता आणि कापसाच्या खळीचा वास येत होता.

सोमवारी मी फाटकातच तिची वाट पाहत उभी राहिले. ती लांबून दिसली तेव्हा मला वाटलं, ती शाळेचा शर्ट घालायला विसरली. तिच्या अंगात राखाडी काहीतरी होतं. पावसाने भरलेल्या आभाळासारखं, एकसारखं नाही, कुठे गडद, कुठे फिकट. जवळ आल्यावर बाहीला मायने घातलेला ठिगळाचा टाका दिसला. तो माझा शर्ट होता.

झालं होतं असं. तिने रॉकेल लावलं, मग सोडा टाकला आणि ज्या लोखंडी घमेल्यात त्यांच्या घरची तेलकट फडकी उकळतात, त्याच घमेल्यात शर्ट उकळला. तेलाला हेच लागतं. पण केळीच्या चिकाला सोडा आणि लोखंड लागलं की तो शाईसारखा काळा होऊन पसरतो. आमच्याकडे घरातल्या कोणत्याही बाईला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. पण मागाच्या घरात कोण सांगणार? त्यांचं सगळं ज्ञान तेलाचं.

मी विचारलं, "डाग गेला?"

"गेला," ती नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली. "आता कुठं होता ते कळतच नाही."

मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि ते आल्याचा तिला राग आला. म्हणाली, "तो माझा शर्ट तू घाल. हा मी घालते. मी खराब केला, आता हा माझा. आणि घमेलं बी काळं झालंय, आई वेगळी मारतेय."

वर्गात शिरल्याबरोबर संजय ओरडला, "म्हातारी आज चुलीतून निघाली रे!"

कल्पना म्हणाली, "व्हय. तू बी ये, जागा आहे अजून."

वर्ग हसला. संजयही हसला. तिने रंगाचा शर्ट घातला म्हणून खेळाच्या सरांनी तिला दाराबाहेर उभं केलं. ती गेली. थोड्या वेळाने बाहेरून तिने मला हाक मारली, "निमे, माझं बी गणित उतरवून ठेव गं!" तिला वाटलं असणार, आपण हळू बोललो.

दिवाळीच्या सुटीपर्यंत ती तोच शर्ट घालून येत होती. मध्येमध्ये बाहेर उभी राहत होती. मोठ्या मंडळींनी लिहिलेल्या गोष्टींत अशा ठिकाणी चिडवणारे गप्प होतात. आमचे झाले नाहीत. 'चिकाळी'ही चालू राहिलं आणि 'चुलीतली म्हातारी'ही. पण पूर्वी जे सगळं माझ्या पाठीवर पडायचं ते आता दोघींच्या बाकावर पडायला लागलं. जड ओझं दोन्ही बाजूंनी धरलं की कसं वाटतं ते घड वाहणाऱ्या माणसाला विचारा. वजन तेवढंच असतं. चालता येतं.

मायने पांढरा शर्ट पाहून विचारलं, "हा कोनाचा?" मी सगळं सांगितलं.  दुसऱ्या दिवशी तिने माझ्या पिशवीत पिकायला आलेल्या केळ्यांची एक फणी ठेवली, "तिच्या घरी दे." त्याच पिशवीतून कल्पनाच्या आईने मागावरचं, धागा तुटून खराब झालेलं कापड पाठवलं, "कटाईत वरून बांध म्हणावं." दोन्ही बाया एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. शाळा सोडायचं मी पुन्हा बोलले नाही आणि मायनेही ती गोष्ट काढली नाही.

पुढचं सगळं साधं आहे. आठवीनंतर कल्पनाची शाळा सुटली, ती मागावर बसली. नंतर लग्न होऊन मालेगावला गेली, तिथेही माग. मी शिकत राहिले. पदवी मिळाली तेव्हा गावात आबांनी ज्याला त्याला बोलावून केळी वाटली. आभार मानायचे म्हटलं तर माणसं पुष्कळ आहेत. त्यांत एक पांढरा शर्टही आहे, खांद्यावर सैल.

आणि संजयचं शाळेच्या गणवेशाचं दुकान आहे. दर जूनमध्ये आमच्या शाळेची निम्मी मुलं त्याच्याकडून शर्ट घेतात. मी गेले की तो उठून खुर्ची देतो, चहा सांगतो. "बसा मॅडम. आपले दिवस काय होते नाही? किती मजा करायचो आपण!" तो मनापासून बोलतो. गरिबाच्या पोराला एखादा शर्ट तसाच देऊनही टाकतो, हे मला माहीत आहे. त्याला काही आठवत नाही. आणि मला त्याचा राग येत नाही. राग धरून ठेवायलाही अंगात बळ लागतं.

तो आठवडा संपल्यावर, रविवारी, मी वैष्णवीच्या गावाला गेले. ती बागेतच भेटली, पानं अंथरत. अंगावर बापाचा जुना शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेला. तिची आई डोक्यावरचं फडकं सोडून माझ्यापुढे आली, बसायला पोतं टाकलं.

"पोरगी नाही म्हणते मॅडम," ती म्हणाली. "मी म्हटलं, राहू दे मंग. इथं बी हात लागतातच."

"वरून कापड बांधत जा तिला," मी म्हणाले. तोंडातून निघालं आणि माझं मलाच कसंतरी वाटलं.

ती हसली. "बांधतोच की बाई. चीक त्यातून बी उतरतो."

वैष्णवी जवळ येऊन उभी राहिली. मी तिला म्हणाले की ज्या मुलाने ओरडून म्हटलं, त्याला मी रागावले आहे. गुंजनच्या मनात वाईट नव्हतं. पुन्हा असं होणार नाही.

"होणार मॅडम," ती अगदी शांतपणे म्हणाली. "तुम्ही त्याला डाटलं ना, की सुट्टीत तो जास्त करतो. आणि ते कहानी सांगतात ना, तेव्हा सगळे मलाच बघतात. पहिले नुसते दोघं-तिघं चिढवायचे. आता सगळ्या क्लासला मालूम आहे की माझ्यावर दया करायची आहे."

 अकरा-बारा वर्षांच्या मुलीने ते इतकं सरळ सांगितलं होतं की त्यात भर घालण्यासारखं काही नव्हतं. मी तिला घमेल्यातल्या शर्टाची गोष्ट सांगितली, ती पण शिकवण म्हणून नाही, दुसरं बोलायला काही नव्हतं म्हणून. सोड्याचं नाव निघाल्याबरोबर तिच्या आईने कपाळावर हात मारला, "अगं बाई! चिकाला सोडा?" वैष्णवी पहिल्यांदा हसली.

"मग तिने शर्ट वापस दिला?" तिने विचारलं.

"नाही. दिवाळीपर्यंत तिनेच घातला."

"तुमचं वेगळं होतं बाई," तिची आई म्हणाली. "तुम्ही हुशार होत्या."

मी होते की नाही, मला माहीत नाही. माझ्या शेजारी कल्पना होती, एवढं माहीत आहे. ते मी बोलले नाही, कारण वैष्णवीच्या शेजारी कुणी नव्हतं. ज्याच्याकडे नाही त्याच्यासमोर आपल्याकडे काय होतं ते मोजून दाखवू नये. परतताना तापीच्या पुलावर रिक्षा हळू झाली. खाली गढूळ पाणी संथ चाललं होतं. वैष्णवी येणार की नाही, याचं उत्तर मला मिळालं नव्हतं.

संध्याकाळी मी मालेगावला फोन लावला. मागे माग चालू होता आणि कल्पना ओरडत होती, "बोल वं निमे! ऐकू येतंय मला!" इकडे माझा मुलगा दुसऱ्या खोलीतून म्हणाला, "मम्मी, मौसीला सांग, फोनशिवायपण ऐकू येईल."

मी तिला विचारलं, तो शर्ट तू का घातलास?

"कोणता? हां, तो काळा! अगं, मग काय करणार होते?"

"सांगायचं होतंस, नाही निघाला म्हणून. परत द्यायचा होतास."

"तुझ्या आबाची भीती वाटत होती मले," ती म्हणाली. "एकदा स्टेशनावर पाहिले होते. हातात एवढा कोयता! म्हटलं, लेकीचा शर्ट नासवला म्हणून आले तर?"

मी हसता हसता म्हणाले, "मी तर इतकी वर्षं समजत होते, तू माझ्यासाठी केलंस. मी पोरांना सांगणार होते."

"काय सांगणार होती? दया-बिया? काही नको सांगू तसलं. मी हुशारी करायला गेले, फजिती झाली. फजिती माझी होती, मग मीच घालणार ना अंगात." मागापासून जरा लांब जाऊन ती म्हणाली, "आणि तू त्या शर्टात रडली असतीस. मी नसते रडले. एवढंच."

पुढच्या शनिवारी बालसभेत मी मुलांना म्हणाले, आज मी सांगते. खिडकीजवळची जागा रिकामीच होती. मी डाग, घमेलं, रॉकेल, सोडा सगळं जसं झालं तसं सांगितलं. शेवटी सीख सांगितली नाही. मुलं वाट बघत राहिली.

"फिर उस संजय को सजा मिली?" एकाने विचारलं.

"नाही."

"सॉरी तरी बोलला?"

"नाही."

"मॅडम, मग ही कहानी कशी झाली?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

गुंजनने हात वर केला. तिच्या कपाळावर आठी होती. "मॅडम, पूरा शर्ट काला कसा होणार? पांढऱ्या पाण्यानं काळं कसं होणार? हे सच्ची आहे का?"

"सच्ची आहे."

"माझी मम्मी म्हणते, सोड्याने सगळे दाग जातात."

"मग तुझ्या मम्मीलाच विचार," मी म्हणाले. तास संपला. मला वाटलं, हीही गोष्ट वाया गेली. त्यांना दया, मैत्री काहीच दिसलं नाही. त्यांना नुसतं घमेलं दिसलं. 

मंगळवारी वैष्णवी आली. माझ्यामुळे आली असं म्हणण्यात अर्थ नाही. त्यांच्या हातातल्या बागेची कटाई उरकली होती आणि आईने धाडलं होतं. तोच शर्ट, तेच डाग, वेणी पुढे घेतलेली. खिडकीजवळच्या तिच्या बाकावर ती टोकाला बसली, उरलेला बाक मोकळा सोडून. मी हजेरीला सुरुवात केली.

तेवढ्यात गुंजन उठली आणि दप्तर घेऊन सरळ त्या बाकाकडे गेली. मला वाटलं, आता ही माफी मागणार, सगळा वर्ग पुन्हा वळून बघणार. पण गुंजनने माफीबिफी काही मागितली नाही. तिने दप्तरातून एक रुमाल काढून बाकावर पसरला. काळा-राखाडी, कुठे गडद, कुठे फिकट.

"ऐ, ये देख," ती म्हणाली. "मी कच्च्या केळ्याचं पाणी लावलं, आणि मम्मीच्या लोखंडाच्या कढईत सोडा टाकून उकळलं. सच में काला हो गया! मम्मीने एवढं मारलं मला. कढई पण काली झाली."

वैष्णवीने रुमालाकडे पाहिलं. मग बोटाने एक कड चोळून पाहिली, सराईतासारखी. "तू सोडा पहिले टाकला?"

"हां. क्यों?"

"पागल. चिकाला गरम पाणीच नाही दाखवायचं."

"मग तुम्ही कसं काढता?"

"नाही काढत. निघतच नाही."

"फिर?"

"फिर क्या, घालतो तसंच."

गुंजन विचारात पडली. मग बूड टेकून सरकत सरकत बाकावर बसली आणि रुमाल उजेडाकडे धरला. दोघींची डोकी एकमेकांजवळ आली. वैष्णवीची वेणी केव्हा पाठीवर गेली, तिला कळलं नाही. खांद्यावरचा डाग मोकळा होता आणि तिकडे कुणी बघत नव्हतं. वर्ग आपापल्या गोंगाटात होता.

मी नावं वाचत वैष्णवीपाशी आले. एकदा हाक मारली. तिला ऐकू गेलं नाही, ती कढई कशी घासायची ते सांगत होती. मी दुसऱ्यांदा हाक मारली.

"आहे मॅडम," मान वर न करता गुंजन म्हणाली, "इथंच आहे."